न्याहारीची वाटी आणि भरवणारा हात

सांगली जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडाच्या कडेला, जानेवारीतल्या एका सकाळी साडेसहाच्या सुमारास पाहिलेले दृश्य माझ्या मनातून जात नाही. ऊसतोड कामगारांच्या कोप्या रस्त्यापलीकडे होत्या, टोळी पहाटे चारलाच फडात शिरली होती आणि बांधावर अंथरलेल्या गोधडीवर दीड वर्षाचे एक मूल बसले होते. त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण होती. तिने किटलीतला चहा स्टीलच्या डब्याच्या झाकणात ओतला आणि पाच रुपयांच्या पुड्यातले एक बिस्कीट त्यात बुडवले. ते मऊ होऊन झाकणातच विरघळले तेव्हा तिने तो लगदा बोटाने गोळा करून भावाच्या जिभेवर ठेवला. अशी चार बिस्किटे झाली. उरलेला चहा त्याने झाकण दोन्ही हातांनी धरून स्वतःच प्यायला. आई फडातून बाहेर आली ती दहानंतर, डोक्यावरची मोळी गाडीत टाकून, आणि मग तिने त्याला अंगावर घेतले.

या न्याहारीबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याचे बोट आपसूक त्या आईकडे वळते. मुलाला चहा कशाला द्यायचा, रात्रीचा भात कुस्करून ठेवता येत नव्हता का, असे प्रश्न चांगली, समंजस माणसेही विचारतात. माझे म्हणणे निराळे आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाने सकाळी काय खावे हा घरातला प्रश्न म्हणून समाजाने तो सोडून दिला आहे, आणि सरकारने त्यात जिथे लक्ष घातले तिथे अन्न तेवढे पाठवले, ते भरवायला माणूस पाठवले नाही. या वयाच्या मुलाला अन्न आणि भरवणारा हात वेगवेगळे करून देता येत नाहीत, ही साधी गोष्ट आपल्या पोषणाच्या योजनांमधून निसटली आहे.

आधी त्या चार बिस्किटांचा हिशेब मांडू. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साखर साधारण २५ ग्रॅम असते, प्रथिने सात ग्रॅमच्या आसपास, आणि बाकीचा मोठा भाग मैदा व पामतेल. चार-पाच लहान बिस्किटांचे वजन २५ ग्रॅम धरले तर मुलाच्या पोटात शंभराहून थोड्या अधिक किलोकॅलरी आणि दोन ग्रॅमपेक्षा कमी प्रथिने जातात, शिवाय सव्वा चमचा साखर. चहातली साखर वेगळीच. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या अन्नात वरून साखर घालूच नये, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितले आहे. चहाचा दोष साखरेपुरता नाही. त्यातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते शरीरात शोषले जाऊ देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्यामागे कारणे अनेक आहेत, जंत आहेत, आईचा स्वतःचा रक्तक्षय आहे. पण जे थोडेथोडके लोह ताटात येते त्याच्या जोडीला रोज सकाळी चहा ठेवणे या मुलांना परवडणारे नाही.

तरीही हे बिस्कीट इतके घरोघर का पोहोचले, हे समजून घेतले पाहिजे. त्याला चूल लागत नाही. ते सांडत नाही, आंबत नाही, चावता आले नाही तरी गिळता येते, आणि आठ वर्षांची बहीण किंवा हात थरथरणारे आजोबा कुणीही ते देऊ शकतात. पुड्यावर ग्लुकोज, दूध, गहू असे शब्द असतात, त्यामुळे देणाऱ्याला आपण काहीतरी ताकदीचे देतो आहोत असे वाटते. ज्या घरातली बाई पहाटे बाहेर पडते, त्या घराने वेळेच्या टंचाईवर शोधलेले ते उत्तर आहे, आणि आईला दोष देण्याआधी तिच्या सकाळीकडे पाहायला हवे ते यासाठी.

खरे तर मराठी घरांना लहान मुलाच्या न्याहारीची जी जाण होती, ती आजच्या पोषणशास्त्राच्या कसोटीवर पुष्कळ अंशी उतरते. खिमटीचेच उदाहरण घ्या. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद भाजून जाडसर दळून ठेवायची आणि लागेल तशी पाण्यात शिजवून वर तूप घालायचे. धान्यात जे कमी असते ते डाळीतून मिळते, भाजल्याने पीठ पचायला हलके होते, आणि तुपामुळे थोडक्या घासात बळ येते. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. लहान मुलाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम असते. म्हणजे दहा किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी ३०० ग्रॅमपेक्षा जास्त मावत नाही. तेवढ्या जागेत पातळ पेज गेली तर पोट तट्ट फुगते, मूल तोंड फिरवते, आणि घरच्यांना वाटते की ते भरपेट जेवले. प्रत्यक्षात त्याला शंभर किलोकॅलरीही मिळालेल्या नसतात. तीच वाटी घट्ट खिमटीची असेल आणि त्यात चमचाभर तूप असेल तर मिळणारी ऊर्जा दुपटी-तिपटीने वाढते. या वयात दिवसाची गरज सुमारे हजार किलोकॅलरींची असते, ती अशा चार-पाच छोट्या वाट्यांतूनच भागवायची असते, आणि त्यातली पहिली वाटी सकाळची असते.

नाचणीचेही तसेच आहे. तिच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नाचणी भिजवून मोड आणून सत्त्व काढण्याची कोकणातली आणि देशावरची पद्धत तर विशेष शहाणपणाची आहे, कारण मोड येताना धान्यातच तयार होणारे विकर (एन्झाइम) पिठाचा चिकटपणा कमी करते. मग तितकेच पीठ घालूनही लापशी गोळा होत नाही आणि दात न आलेल्या मुलालाही गिळता येते. मराठवाड्यात ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून देतात, कुठे वरणात. मेतकूट आणि तूप घातलेला मऊ भात आहे, रव्याच्या सांज्यात घातलेले दाण्याचे कूट आहे. कुटाच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅम प्रथिने असतात आणि ते बहुतेक घरांत डबाभर असतेच. (कूटच द्यावे, अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत मुलाच्या हाती देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात.) अंडे तर या सगळ्यांहून सोपे. एका उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे या वयाच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ निम्मा वाटा.

पाककृती आपल्याकडे कधीच कमी नव्हत्या, पुस्तिकाही नाहीत. २०१८ पासून दर सप्टेंबरात राष्ट्रीय पोषण माह साजरा होतो, अंगणवाडीत पाककृतींची स्पर्धा भरते, ताटांत रांगोळीसारखे पदार्थ मांडले जातात. ते करणाऱ्या सेविकांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण दीड वर्षाच्या मुलाला वाटीभर खिमटी भरवायला अर्धा तास लागतो. ते दोन घास खाते, उठते, मांजराकडे जाते, परत बोलवावे लागते. तोंडातला घास बाहेर काढते, पुन्हा घालावा लागतो. चिऊचा घास आणि काऊचा घास सांगावा लागतो. हे काम मोठ्या माणसाने शांतपणे बसून करायचे असते, आणि पहाटे चारला कोयता उचलणाऱ्या, सहाची लोकल गाठणाऱ्या किंवा चार घरची भांडी घासायला निघालेल्या बाईजवळ नेमका तोच अर्धा तास नसतो. पाककृती कितीही उत्तम शिकवली तरी हा अर्धा तास त्यातून निर्माण होत नाही.

आता सरकारी व्यवस्था पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात आज सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. गावात पक्का रस्ता नसला तरी अंगणवाडी असते, आणि हे या देशाने केलेल्या मोठ्या कामांपैकी एक आहे असे मी मानतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार हक्क म्हणून दिला. परंतु त्याच कायद्याने मुलांचे दोन भाग केले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत बसवून सकाळचा खाऊ आणि गरम जेवण मिळते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना मात्र घरपोच आहार, म्हणजे टेक होम रेशनची (टीएचआर) पाकिटे मिळतात. लहान मूल घरी असते, आई त्याच्याजवळ असते, ती पाकीट फोडून शिजवील आणि भरवील, हे यामागचे गृहीत आहे. ज्या घरांसाठी ही योजना सर्वांत जास्त गरजेची आहे, नेमके त्यांच्याच बाबतीत ते खोटे ठरते.

पाकिटांचे पुढे काय होते हे खेड्यात कुणालाही विचारा. शिरा, उपमा, सुकडी अशा नावांनी येणारी ती पिठे घरातले सगळेच खातात, किंवा चव आवडली नाही म्हणून कुणीच खात नाही. ती शेळ्या-गुरांपुढे गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षे येत आहेत. पाकीट कोणी बनवायचे यावरून झालेला वाद तर त्याहून जुना आहे. पोषण आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, गावातले महिला गट व मंडळे यांच्याकडून काम करून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये बजावले होते. तरीही २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला महाराष्ट्राची घरपोच आहाराची निविदा प्रक्रिया रद्द करावी लागली, कारण तिच्या अटी बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या. पंधरा वर्षे आपण पाकीट कुणाचे यावर भांडलो. पाकीटच कशाला, हा प्रश्न त्या भांडणात मागे पडला.

फडावरच्या त्या मुलाचे नाव बीडकडच्या एखाद्या गावच्या अंगणवाडीत असणार, आणि ते स्वतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या फडांवर असणार. म्हणजे सहा महिने त्याचे पाकीट एका जिल्ह्यात आणि तोंड दुसऱ्या जिल्ह्यात. कामाच्या जागी मुलांची सोय करणारे कायदे आपल्याकडे आहेत, पण या आईला त्यातला एकही लागू पडत नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळायला कामावरच्या बायकांपैकीच एक नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद झाली. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. ऊसतोडीत मात्र नवरा-बायकोला मिळून एक कोयता मोजतात आणि व्यवहार मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीवर चालतो. तिथे आस्थापना कोण आणि कर्मचारी किती, हे कुणीच सांगत नाही. साखर कारखान्याचे धुराडे मात्र त्याच फडातल्या उसावर पेटते. माझ्या मते गाळपाचा परवाना देतानाच टोळीच्या मुक्कामी पाळणाघर आणि सकाळची गरम न्याहारी यांची अट कारखान्यावर घालायला हवी.

शाळेतल्या मुलांच्या न्याहारीबद्दल देशात आता बोलले जाते, ही चांगली गोष्ट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत न्याहारी देण्याची शिफारस केली, आणि तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत ती सुरू करून पुढच्या वर्षी राज्यभर नेली. तिथल्या मुलांना सकाळी रवा किंवा शेवयांचा उपमा, पोंगल, खिचडी आणि जोडीला सांबार मिळते. पण मुलाची उंची खुंटण्याची प्रक्रिया मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत घडून जाते आणि पुढे ती फारशी भरून निघत नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आणि २५.६ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले, तेही वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात. त्याच सर्वेक्षणानुसार देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी मुले दहात एक एवढीच होती. सहाव्या वर्षी मिळणारी न्याहारी या मुलांना अभ्यासात बसायला बळ देईल, त्यांची गेलेली वाढ परत आणणार नाही.

करायचे काय, याचे नमुने देशात आहेत. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांनी उभारलेली संस्था आदिवासी पाड्यांवर ‘फुलवारी’ चालवते. सहा महिने ते तीन वर्षांची मुले आई रानात किंवा मजुरीला जाताना तिथे सोडते. गावातल्याच बाया ती सांभाळतात आणि सत्तू, तेल घातलेली खिचडी, अंडी असे दिवसातून अनेकदा हाताने भरवतात. त्यात ना महागडे यंत्र आहे, ना रंगीत पाकीट. बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेशेस या संस्थेने १९६९ मध्ये दिल्लीत हेच काम सुरू केले आणि पुढे मुंबईतही नेले. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे, पण तिचे उद्दिष्ट देशभरात १७ हजार केंद्रांचे आहे आणि अंगणवाड्या तर सुमारे १४ लाख आहेत. महाराष्ट्राने तरी यापुढे जायला हवे. स्थलांतराचे तालुके, आदिवासी भाग आणि शहरांतल्या मोठ्या वस्त्या येथील अंगणवाड्या सकाळी साडेसहाला उघडाव्यात. तिथे लहान मुलांसाठी एक जास्तीची बाई नेमावी, आणि आठाच्या आत प्रत्येक मुलाच्या पोटात एक गरम घट्ट वाटी गेलेली असावी.

हे काम आजच्या सेविकेच्या माथी मारू नये. ती आधीच मानधनावर आहे, तिच्या मोबाईलमध्ये नोंदी भरायचे पोषण ट्रॅकर हे ॲप आहे, तिच्याकडे सर्वेक्षणे, निवडणुकीच्या याद्या, लसीकरणाचे निरोप आहेत. पहाटेची बाई वेगळी हवी, गावातली हवी, आणि तिला मजुरी मिळायला हवी. इतका खर्च कुठून आणायचा, असे विचारले जाईल. २०१७ मध्ये पूरक आहाराचा दर दिवसाला एका मुलामागे आठ रुपये ठरला आणि पुढे कित्येक वर्षे तोच राहिला. २०२५ च्या अर्थसंकल्पात तो वाढवण्याची घोषणा करावी लागली. आठ रुपयांत त्या काळात एक अंडे आणि मूठभर डाळ-तांदूळ कसेबसे बसत होते, इंधन आणि भरवणारीची मजुरी कुठेच बसत नव्हती. खर्च वाढेल हे मला मान्य आहे आणि तो वाढायलाच हवा असे माझे मत आहे. आज आपण शिजवण्याचे आणि भरवण्याचे मोल शून्य धरतो, आणि ते शून्य धरले म्हणजे ते काम फुकटात आईकडून किंवा आठ वर्षांच्या बहिणीकडून करून घेतो. त्या बहिणीची शाळा त्याच वेळी बुडत असते.

मुलाला भरवणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे, सरकारने त्यात पडू नये, असे म्हणणारेही आहेत. हे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. आईच्या किंवा आजीच्या हातच्या घासाला तोड नाही. परंतु आजी गावी राहिलेली असते, आणि कुटुंबाने सकाळी घरी थांबावे एवढी मजुरी आपण कुणाला देत नाही. अंड्यांवरूनही वाद होतो. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे देण्याचा जो मार्ग महाराष्ट्राने काढला तो मला योग्य वाटतो, कारण न खाणाऱ्यावर त्यात सक्ती नाही. तो आदिवासी क्षेत्रापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण मात्र पटत नाही. ऊसतोड मजुराचे आणि शहरातल्या बिगारी कामगाराचे मूल त्याच वयाचे असते आणि तितकेच भुकेले असते.

सुस्थितीतल्या घरांबद्दल थोडेच सांगतो. तिथे चहाच्या जागी चॉकलेटची पूड घातलेले दूध आणि पुड्यातल्या बिस्किटाच्या जागी खोक्यातले गोड तृणधान्य असते, आणि भरवणाऱ्या हाताच्या जागी मोबाईल. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दुधावर वाढणारी दोन वर्षांची मुले जेवत नाहीत, आणि दुधात लोह जवळजवळ नसल्याने गुटगुटीत दिसूनही रक्तक्षयी असतात. हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारून पाहावे. बाळांच्या डबाबंद आहाराच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या आहाराला ती लागू होते. बिस्कीट मात्र सर्वांसाठीचा पदार्थ म्हणून त्या कायद्याबाहेर राहते आणि जाहिरातीत दुडूदुडू चालणाऱ्या मुलाच्या हातात निर्धास्तपणे दिसते. ‘दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नाही’ एवढे मराठीत ठळक छापायला लावणे राज्यकर्त्यांना अवघड नाही.

यंदाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. कोणत्या कारखान्याकडे कोणत्या तालुक्यातल्या टोळ्या येणार हे मुकादमांना दोन महिने आधी पाठ असते. त्या टोळ्यांबरोबर तीन वर्षांच्या आतली किती मुले येणार, ही यादीही तेव्हाच करता येते. गावच्या सेविकेच्या नोंदवहीत त्यांची नावे, जन्मतारखा आणि वजने लिहिलेली असतात. कोप्यांच्या शेजारी एक शेड, एक शेगडी, टोळीतली किंवा जवळच्या गावातली एक बाई आणि तांदूळ, डाळ, नाचणी, तेल, अंडी यांचा महिन्याचा शिधा, इतके पहिल्या मोळीच्या आधी तिथे पोहोचलेले असावे, आणि पहाटे चारला आई निघेल तेव्हा मूल गोधडीसकट जिच्या मांडीवर द्यायचे ती बाई जागी असावी.